पाय ह्यांचा, गिअर माझा

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा गिअर आज गेला. पाण्याच्या टाकीच्या चढावर. गेलं वर्षभर तो सुटतच होता, म्हणून चढ आला की मी दांडी दाबून धरून बसायचे — हाताला मुंग्या येईपर्यंत. आज धरूनही सुटला. आतून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. हे म्हणाले, "तिसरा टाक." टाकला. पण आमची म्हातारी तिसऱ्यात चढ चढेल तर शपथ. शेवटी ह्यांनी ती तशीच मागे उतरू दिली, आणि खाली येताना फूटपाथच्या कठड्याला घासली. दारावर हा एवढा ओरखडा.

ह्यांच्या हातून गाडी घासली! लग्नानंतर पहिल्यांदा. गिअरच्या गडबडीत झालं असणार.

गाडी ओढून उद्याबुवाकडे नेली. उद्याबुवा म्हणजे आमचा मेकॅनिक. काहीही विचारा, 'उद्या' म्हणतो, म्हणून लेकीनं लहानपणी ठेवलेलं नाव. त्याला ते माहीत आहे. हसतो, पण उद्या म्हणायचं सोडत नाही.

४ फेब्रुवारी

हे सकाळीच उद्याबुवाकडे जातो म्हणून गेले ते दुपारी उगवले. काळा चष्मा लावून. म्हटलं, हे काय नवीन? म्हणे ऊन फार आहे. बाहेर ढग. मी आपली मशीनवर खाली मान घालून शिवत बसले.

जेवले नाहीत नीट.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्याबुवानं गिअरबॉक्स उतरवून टेबलावर मांडला होता. काळ्या तेलात चाकं. एकाचे दात पार झिजलेले, बोट फिरवलं तर गुळगुळीत. हा माझा दुसरा! इतकी वर्षं ज्याला हातानं ढकलत होते तो असा दिसतो तर.

दोन रस्ते आहेत म्हणाला. एक, हाच गिअरबॉक्स दुरुस्त करायचा. कंपनी केव्हाच बंद पडली, पार्ट मिळत नाहीत, चाक लेथवर नव्यानं कापून घ्यावं लागेल, महिना-दीड महिना सहज. दोन, त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे धड अवस्थेत आहे. आमच्या इंजिनाला बसतो. ताकद जरा कमी होईल, पेट्रोल जास्त पिईल, पण गिअरची कटकट नाही. मात्र दोन सीटांमधला पत्रा कापावा लागेल आणि क्लचचं पेडल काढून टाकावं लागेल. "एकदा कापलं की मग मागे येणं नाही, काकू." हे मला सांगायला नको. जन्मभर कपड्याला कात्री लावत आले आहे.

मी ह्यांच्याकडे बघून हसले. कारण उत्तर ठरलेलं. ऑटोमॅटिक गाडीला हे पाळणा म्हणतात. शेजाऱ्यांनी घेतली तेव्हा म्हणाले होते, आता ह्याला अंगाईही गाणार का?

आणि हे उद्याबुवाला म्हणाले, "ऑटोमॅटिकचंच बघू या."

घरी येईपर्यंत मी शब्द बोलले नाही. ह्यांच्याही ते लक्षात आलं नाही, की येऊन न आल्यासारखं केलं, कोण जाणे.

८ फेब्रुवारी

पहाटे स्वप्न पडलं. गाडी पाण्यावरून चालली आहे. रस्ता नाही, नुसतं सपाट, दुधाळ पाणी. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. ते 'हं' म्हणतात आणि मी हात पुढे करते, तर मध्ये दांडीच नाही. सीट एकसंध. हे पुन्हा म्हणतात, हं. मी सीट चाचपते आहे. माझ्या हाताला माझंच शिवण लागतं आहे.

जागी झाले तेव्हा हात उशीखाली होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. तिला ऑटोमॅटिकचा आनंदच झाला. बाबांचा खांदा, तुझी मनगटं, किती दिवस ही सर्कस करणार, वगैरे. मग विचारते, आई, पण ही सर्कस मुळात सुरू कशी झाली?

तिला थोडक्यात सांगितलं. इथे सगळं लिहिते.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे शिडीवरून पडले, डावा खांदा निखळला. बसवला, पण हात उचलवेना. तेव्हा गाडी नुकतीच घेतलेली, तीही कुणीतरी वापरून जुनी केलेली. हे घरात बसून खिडकीतून गाडीकडे असे बघायचे की मलाच बघवेना. एका रविवारी म्हणाले, चल. मी शेजारी बसले. म्हणाले, "मी क्लच दाबला की 'हं' म्हणेन. 'हं' म्हटलं की तू गिअर टाक. घाबरू नकोस, पाय माझा आहे." पहिल्या दिवशी मी पहिल्याऐवजी तिसरा टाकत होते. गाडी उड्या मारत होती आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. महिन्याभरात जमलं. पुढे पुढे 'हं' म्हणायच्या आधीच माझा हात निघायचा. ह्यांचा गुडघा हलला की कळायचं.

खांदा काही पुरता बरा झाला नाही, आणि माझी जागा तीच झाली. लोक बायकोला शेजारी बसवून फिरायला नेतात. आम्ही दोघं मिळून गाडी चालवत जायचो. दांडीवरच्या काळ्या गोळ्यावरचे आकडे माझ्याच तळव्यानं पुसले गेले आहेत.

लेक म्हणाली, "आई, तू काय आयुष्यभर बाबांचा डावा हात राहणार का? लायसन्स आहे ना तुझ्याकडे? ऑटोमॅटिक घ्या आणि तूही चालव."

लायसन्स आहे खरं. तिच्याबरोबर हौसेनं, एजंटमार्फत काढलेलं. फोटो बरा आला म्हणून ओळखपत्रासारखं वापरते!

फोन ठेवल्यावर वाटलं, राहीन की. डावा हात राहायला माझी काय हरकत आहे? विचारलंय कुणी मला?

१२ फेब्रुवारी

सुई ओवून मागितली. म्हणाले, "तूच ओव ना."

माझ्या सुया नेहमी हेच ओवतात. माझी नजर चाळिशीतच अधू झाली, ह्यांची घारीसारखी. चहा झाला की सकाळी दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, मग पेपर. हा ह्यांचा नेम. आज तोही मोडला.

१५ फेब्रुवारी, रविवार

सीटांची नवी कव्हरं शिवायला घेतली. गिअरबॉक्स कोणताही बसू दे, सीटा तर लागतीलच. दुपारभर मशीन चालू. खिडकीतून येणारं ऊन कापडावर पसरलं, मग हळूहळू सरकत जमिनीवर गेलं, मग भिंतीवर. मी त्याच्या मागोमाग शिवत होते असं वाटलं. अशा वेळी मला आपण कुठे आहोत ते कळत नाही. मशीन आपोआप चालतं, पाय आपोआप चालतो.

दोऱ्याचे दोन रंग ह्यांच्यापुढे धरले. कोणता? ह्यांनी दोन्ही चिमटीत घेऊन चोळले आणि म्हणाले, हा मऊ आहे, हा घे. मी रंग विचारला होता! लक्षच नाही माझ्याकडे. हल्ली बोलतानाही तोंडाकडे बघत नाहीत. कानाकडे बघतात. कानात काय आहे माझ्या? जुनेच खडे.

अपराधी माणूस नजर चुकवतो. मनात ऑटोमॅटिक ठरलेलं आहे, मला सांगायचा धीर होत नाही, एवढाच अर्थ.

१८ फेब्रुवारी, बुधवार

उद्याबुवा म्हणाला, आधी चालवून बघा, मग ठरवा. त्याच्या बायकोची ऑटोमॅटिक गाडी मागच्या मोकळ्या अंगणात आणून ठेवली. मी बाजूच्या सीटकडे निघाले तर हे म्हणाले, "तू बस चालवायला. तुला कसं वाटतं ते महत्त्वाचं."

मला? बरं. बसले. एक पाय नुसता लोंबकळत. दांडी एकदा पुढे-मागे केली की संपलं. पाय उचलला तर गाडी आपणहून निघाली, हळूच, झोपेत चालणाऱ्या माणसासारखी. गोल फिरले. जुन्या टायरांच्या ढिगाला वळसा, पिंपांना वळसा. आत कुठेतरी गिअर बदलत असतील, मला पत्ता नाही. कुणी विचारत नाही, कुणी 'हं' म्हणत नाही. खरं सांगू? वाईट नव्हतं. ढगावर बसल्यासारखं होतं. पण ढगावर माणूस एकटाच असतो.

हे शेजारी बसून माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, बघत होते. "छान चालवतेस," म्हणाले. लहान पोराला म्हणतात तसं. मला राग आला.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज जे कळलं ते लिहायलाही हात होईना.

दाराचं अस्तर मापायला गेले होते. उद्याबुवा चहा देता देता सहज म्हणतो, काकांनी परवा माझी पिकअप मागे फिरवली, मी म्हटलं एवढी जड दांडी तुम्हाला झेपेल का, तर काय हात आहे काकू! लोणी! खडखड नाही, धक्का नाही. वळताना एक पिंप चेपलं तेवढं, पण गिअर बघावेत तर काकांचे.

मी म्हटलं, कुठल्या हातानं?

तो हसला. म्हणाला, डाव्याच, दुसऱ्या कुठल्या?

२३ फेब्रुवारी

अबोला. माझ्याकडून.

२४ फेब्रुवारी

दिवसभर हेच. हे माळ्यावरची लोखंडी पेटी काढतात, दोन्ही हातांनी. शेजाऱ्यांचं कपाट उचलायला हाक मारली की पहिले जातात. मी हे सगळं बघितलं आहे! वर्षानुवर्षं! आणि एकदाही मनात आलं नाही की ज्या खांद्यावर कपाट चढतं त्याला गिअर टाकता येत नाही होय? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

म्हणजे मी टाकलेला प्रत्येक गिअर, उशिरा टाकलेला, खडाखडा वाजवलेला, चुकून चौथ्याचा दुसरा केलेला, तो ह्यांना सहज टाकता आला असता. पाय दाबून हे थांबून राहायचे. मी टाकेपर्यंत.

रागावायचं आहे. नीट रागावताही येत नाही. मध्येच हसू फुटतं. मग आठवतं की हाच माणूस आता ऑटोमॅटिक मागतो आहे. तेव्हा हवी होते, आता नको झाले. मग पुन्हा राग.

२५ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं. चहा ओतताना. हेच ओतत होते, थोडा बशीबाहेर सांडला.

म्हटलं, अहो, खांदा कधीचा बरा आहे तुमचा?

गडबडले नाहीत. पुसायचं फडकं शोधलं, पुसलं. मग म्हणाले, "पहिलं वर्षभर खरंच दुखायचा. नंतर थांबला. पण तोवर तुझा हात तिथे बसला होता. त्याला 'ऊठ' कसं म्हणायचं?"

तरी नेटानं विचारलं, मग आता कसं म्हणता?

फडकं पिळून वाळत घातलं. मग म्हणाले, तुला सोपं जावं म्हणून.

मला! मला काय अवघड आहे? नुसतं बसून राहणं? ते तर कोणत्याही बाईला येतं. असं मी म्हटलं आणि उठले. ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मी थांबले नाही. माझा स्वभाव.

१ मार्च, रविवार

उद्याबुवाचा निरोप, भंगारवाला त्या गिअरबॉक्ससाठी थांबायला तयार नाही. हो की नाही ते उद्या सांगा. (त्यालाही कुणीतरी उद्या म्हणणारं भेटलं.)

संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर बसलो. गाडी नाही, तर समोरची जागा मोकळी. जमिनीवर तेलाचा डाग, गाडीच्या आकाराएवढी कोरडी जमीन, चारी बाजूंनी गवत. त्या रिकाम्या जागेकडे बघता बघता मला गाडी दिसायला लागली. टपावर ऊन, खिडकीची काच अर्धी खाली. मी आत जाऊन बसलेसुद्धा. हात पुढे केला. तिथे दांडी होती.

तेव्हा सांगून टाकलं. मनात ठेवून काय लोणचं घालायचं आहे? म्हटलं, मला गिअरचीच हवी. दीड महिना लागू दे, दोन लागू दे. पत्रा कापला तर माझी जागाच कापली जाईल. म्हातारपणी मला तुमच्या शेजारी पाहुणी म्हणून नाही बसायचं.

ह्यांनी माझा हात घेतला. तळवा अंगठ्यानं चोळत राहिले, त्या दोऱ्यासारखा. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, ह्यांनी आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाले, "बरं. गिअरचीच ठेवू. पण मग तुला पाय शिकावा लागेल."

माझे पाय काय करायचे आहेत? मी हसले. हेही हसले. किती दिवसांनी.

जिंकले!

८ मार्च, रविवार

पाय शिकावा लागेल म्हणजे खरंच शिकावा लागेल! आज मला अंगणात पिकअपवर बसवलं. क्लच. मी म्हटलं हे कशाला, तर म्हणे गंमत, गेली इतकी वर्षं तू अर्धीच गाडी शिकलीस. मला फसवल्याची भरपाई चालली आहे झालं.

चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा उद्याबुवाचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. हे शेजारी, अजिबात न चिडता. मग म्हणाले, मशीनच्या पायटीवर पाय कसा सोडतेस? रेशीम शिवताना?

रेशीम शिवताना पाय सोडत नाही, सुटू देते. तसा सुटू दिला. निघाली! धक्काही नाही.

१५ मार्च

पाय येतो आता. म्हणजे एकटीला येतो. दोन्ही एकदम करायला गेले की हात पायाचं ऐकत नाही. हाताला वाट बघायची सवय आहे.

हे म्हणाले, हाताचं सोड, तू फक्त पाय आणि रस्ता बघ. आणि गंमत म्हणजे गिअर ह्यांनी टाकले, शेजारून, उजव्या हातानं. मी म्हटलं आता तुम्हाला कळेल माझी कसरत. खोटं कशाला बोलू, फार मजा आली. शेवटची फेरी गेटाबाहेर, कोपऱ्यापर्यंत आणि परत.

१९ मार्च

चाक कापून आलं. उद्याबुवानं तळहातावर ठेवलं. दात इतके कोरे की बोटाला लागले. म्हणाला, हा दुसरा आता सुटणार नाही, काकू. धरून बसायची गरज नाही.

सीटा पूर्ण झाल्या. मऊ दोऱ्यानं शिवल्या.

२४ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच स्वप्न, दुधाळ पाणी. ह्या वेळी दांडी होती. पण 'हं' कुणी म्हटलं ते दिसलं नाही. माझ्याकडे स्टिअरिंग का होतं तेही कळलं नाही. बरं वाटत होतं एवढं आठवतं.

२९ मार्च, रविवार

गाडी आली. दारावरचा ओरखडा गेला, नवी कव्हरं बसली, दांडी जागेवर, गोळा तोच जुना. मी माझ्या बाजूचं दार उघडलं तर हे तिथे आधीच बसलेले.

म्हटलं, अहो, इकडे कुठे?

"मला मधलं दिसत नाही गं. कडेकडेचं तेवढं दिसतं. गाडी घासली त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो होतो. आता चालवायची नाही म्हणाले." मग गोळा चाचपला. "इथे डोळे लागत नाहीत. पाय तुझा, गिअर माझा."

माझ्या कानाकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडे बघत होते. इतके दिवस.

दारात उभी राहून आधी रडून घेतलं. मग वळसा घालून गेले, बसले, क्लच दाबला. आज 'हं' मी म्हटलं.